‘आणखी’च्या मागची वाडी

दर्शना माझ्या वर्गात होती तेव्हा समासाची रेघ पट्टीशिवाय मारायची. मी पट्टी पुढे केली की म्हणायची, "सरळच आहे बाई, बघा ना." रेघ खरोखरच सरळ असायची, त्यामुळे मला पट्टी परत कपाटात ठेवावी लागे. आता ती लोअर परळच्या एका कंपनीत वेबसाइट बनवते. पडद्यावर कुठली गोष्ट कुठे बसावी हे ठरवणं, हेच तिचं काम. समोरचा माणूस ओरडायला लागला की ती अधिकच हळू बोलते, आणि त्यामुळे समोरचा जास्त चिडतो. हा गुण तिने वडिलांकडून घेतलेला नाही. लवू, तिचे वडील, आधी गिरणीत बदली कामगार होते आणि संपानंतर परळच्या एका इस्पितळात वॉर्डबॉय. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण अजून ते घरातल्या माणसाशीसुद्धा वॉर्डाच्या दुसऱ्या टोकाला हाक मारल्यासारखे बोलतात.

त्यांच्या गावाचं नाव मी लिहीत नाही. लिहिलं तर दोन्ही बाजूंची माणसं माझ्या दारात येतील आणि दोन्ही बाजूंना चहा करावा लागेल. कोकणातलं गाव, नऊ वाड्या, एवढं पुरे. शिमग्यात पालखी निघते ती पहिल्यांदा देऊळवाडीत जाते, कारण पहिला मान त्यांचा. मग ठरलेल्या क्रमाने बाकीच्या वाड्या, आणि सगळ्यात शेवटी खाडीवाडी. लवू खाडीवाडीचे.

मुंबईतल्या ग्रामस्थ मंडळाची खोली चिंचपोकळीच्या एका चाळीत आहे. एके काळी गावातले सगळे एकटे पुरुष तिथे राहायचे, प्रत्येकाची एक ट्रंक आणि ट्रंकेपुरती जागा. देऊळवाडीच्या ट्रंका गॅलरीच्या खिडकीखाली, खाडीवाडीच्या मोरीजवळ. आता कोणी लालबागला, कोणी भायखळ्याला, कोणी पार विरारला आपापल्या संसारात गेलं. खोलीत सभा होतात. काही जुन्या ट्रंका मात्र आपल्या जागी आहेत, आणि लवूंच्या वडिलांची हिरवी ट्रंक अजून मोरीजवळच होती.

मंडळाने वेबसाइट करायची ठरवली तेव्हा काम दर्शनाकडे आलं. "घरचीच पोरगी आहे," असं अध्यक्ष रामजी म्हणाले. मजकुराचं शुद्धलेखन तपासायला तिने मला बोलावलं. अशी मी त्या भांडणात जाऊन बसले.

पहिली सभा रविवारी सकाळी. दर्शनाने लॅपटॉप खोलीतल्या टीव्हीला जोडला. पडद्याच्या डाव्या कडेला उभी पट्टी होती आणि तिच्यात नऊ वाड्यांची नावं एकाखाली एक. ज्या नावावर बोट ठेवाल त्या वाडीचं पान उघडेल. आंबेवाडी सगळ्यात वर आणि तिच्या खाली खाडीवाडी.

रामजी इस्त्री मोडू नये म्हणून नेहमी खुर्चीच्या कडेवर बसतात. ते उठून उभेच राहिले.

"ही काय भानगड? खाडीवाडी दुसरी? आणि देऊळवाडी खाली कुठे तरी?"

"बाराखडीप्रमाणे लावलंय, काका."

"पालखी काय बाराखडी विचारून निघते गं?"

सगळे हसले. दर्शनाने नावं मानाच्या क्रमाने लावली. देऊळवाडी वर गेली, खाडीवाडी तळाला. आता लवू उठले.

"आमची वाडी कुठं आहे?"

"शेवटी आहे, बाबा."

"शेवटी नाय. तळाला! पोरीनं स्वतःच्या हातानं बापाला तळाला घातलं!"

टेंबवाडीचा कोणी तरी मागून म्हणाला, "तळाला गाळच असणार रे लवू, खाडीच ना तुमची?"

लवू त्याच्या अंगावर गेले. दोघांनी त्यांना धरलं. एक स्टूल पडलं, चहाचे दोन ग्लास फुटले. तेवढ्यात मंडळाचा चिटणीस वैभव, रामजींचा पुतण्या, गोड आवाजात म्हणाला, "कशाला वाद? उभी पट्टीच नको. आडवी घ्या ना. वरच्या बाजूला सगळे एका रांगेत. कोण वर नाय, कोण खाली नाय."

दर्शनाने तसं करून दाखवलं. टीव्हीच्या रुंद पडद्यावर, वरच्या कडेला, नऊ नावं शेजारी शेजारी आली. लवू पुढे गेले. हवेतच बोट धरून डावीकडून उजवीकडे एकेक नाव त्यांनी मोजल्यासारखं केलं आणि खाडीवाडीशी थांबले.

"एक पंगत," ते म्हणाले. त्या सकाळी पहिल्यांदाच त्यांचा आवाज साधा होता.

ते असं का म्हणाले, हे मला ठाऊक होतं. दर्शनाची आई लक्ष्मी, तिने कधी तरी सांगितलं होतं. लवूंच्या लहानपणी देवळातल्या जेवणाला खाडीवाडी दुसऱ्या पंगतीला बसायची. पहिल्यांचं जेवण व्हायचं, पत्रावळी उचलायच्या, अंगण पुन्हा सारवायचं, मग यांना हाक. तोवर वडे संपलेले असत आणि आमटीत पाणी पडलेलं असे. एकदा लवू पोरवयात पहिल्याच पंगतीत जाऊन बसले, बरोबरीच्या रामजीच्या शेजारी. रामजीच्या बापाने त्यांना दंडाला धरून उचललं. पुढे ती चाल बंद पडली. आता गावात सगळे एकत्र बसतात, आणि आधी काय होतं ते कोणी बोलत नाही.

"मग ठराव करू या," रामजी म्हणाले. "सूचक कोण?"

"मी!" लवू ओरडले.

"थांबा," दर्शना म्हणाली. "टीव्ही मोठा आहे म्हणून नऊ नावं दिसतायत. फोनवर नाही मावणार."

"मग अक्षर बारीक कर."

"बारीक केलं तर वाचता येणार नाही, काका. पाचच मावतील, उरलेली मागे जातील. उभ्या पट्टीत तसं होत नाही. फोनवर कोपऱ्यातल्या तीन रेघा दाबल्या की नऊच्या नऊ नावं एकदम उघडतात."

"तुझ्या ऑफिसातलं इथे नको."

"बाबा, तुम्ही तरी ऐका..."

"गप बस!" लवू तिच्यावरच उलटले. "बाप एकदाचा पंगतीत बसतोय, तर तुझ्या पोटात दुखतं?"

भरल्या सभेत. मी दर्शनाकडे पाहिलं. ती लॅपटॉपची वायर गुंडाळत होती, फार नीट, गाठ न पडू देता. वैभव ठराव लिहून घेत होता.

त्यानंतर बापलेकीचं बोलणं बंद झालं. लालबागच्या त्यांच्या एका खोलीत तीन माणसं, आणि निरोप लक्ष्मीमार्फत. "तिला सांग, पंखा बंद कर." "त्यांना सांग, गोळी घ्यायची राहिलीये." लक्ष्मी दोघांवर वैतागली होती. "मी काय पोस्टमन आहे?" असं तिने मलाच विचारलं.

दर्शनाने सांगितल्याप्रमाणे आडवी पट्टी केली. वाड्यांचा मजकूर तपासायला मी दुपारी त्यांच्या घरी गेले, तेव्हा खाली मसाला कुटायचं यंत्र चालू होतं आणि खोलीतली भांडी हलके हलके थरथरत होती. दर्शना आईला म्हणाली, "त्यांना सांग, वेबसाइट तयार आहे. त्यांच्या फोनवर बघू देत."

लवूंनी फोन हातात घेतला. चष्मा लावला. वरच्या पट्टीत देऊळवाडी, मग आणखी चार वाड्या, आणि मग एक शब्द: ‘आणखी’. त्यांनी फोन आडवा धरून पाहिला. एक नाव वाढलं. पुन्हा उभा धरला. फोन बिघडला असेल असं वाटून बाहीने पुसला.

"खाडीवाडी खय असा?" त्यांनी पहिल्यांदा सरळ दर्शनाला विचारलं.

"‘आणखी’ दाबा."

त्यांनी दाबलं. एक चौकोन खाली उघडला. त्यात चार नावं, आणि सगळ्यात खालचं त्यांचं. दुसरीकडे कुठे बोट लागलं आणि चौकोन मिटला. त्यांनी फोन दर्शनासमोर धरला.

"ह्या काय गो?"

लक्ष्मी तांदूळ निवडत होती. ती मान वर न करता म्हणाली, "दुसरा काय? तेंचा जेवान झाल्यावर आमका."

खालचं यंत्र थांबलं होतं, त्यामुळे ते वाक्य फार स्पष्ट ऐकू आलं. लवूंनी फोन पालथा ठेवला. लेकीची माफी वगैरे त्यांनी मागितली नाही. त्यांच्या घरात ती पद्धत नाही. फक्त म्हणाले, "उभी कर. तळाक ऱ्हवतलंय. पण दिसाक होया."

"सभेत सांगावं लागेल, बाबा. ठराव झालाय."

"सांगतंय."

पुढच्या सभेला ते सगळ्यांच्या आधी जाऊन बसले होते. रामजी आले, खुर्चीच्या कडेवर टेकले, आणि लवू लगेच उभे राहिले. इतक्या हळू बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. क्षणभर वाटलं, दर्शनाच बोलते आहे.

"पट्टी उभी करा. मानाप्रमाणे लावा. आम्ही शेवटी राहू, तक्रार नाय. पण नऊच्या नऊ एकदम दिसू देत. फोनवर आम्ही चार वाड्या मागे पडतो."

"ठराव झालाय," रामजी म्हणाले.

"मग बदला."

वैभवने दप्तर उघडलं. "वाचून दाखवू? आडव्या पट्टीचा ठराव. सूचक, लवू." तो हसला. पाठोपाठ पाचही वाड्यांतली माणसं हसली.

दर्शनाने त्याला विचारलं, "तुला आधीच माहीत होतं ना रे?"

"मोबाइलचं दुकान आहे माझं. दिवसभर फोनच बघतो मी."

"काय लवू," रामजी म्हणाले, "एवढा कसला बाऊ? दाबलं की दिसते की तुझी वाडी."

"तुझी दाबावी लागते काय?"

"आमचा मान आहे तो!"

"मान ठेव तुझा. पहिलं नाव तुझंच असू दे. मी फक्त दिसू दे म्हणतोय." मग ते म्हणाले, "रामजी, मला पंगतीतून उचललं तेव्हा तू शेजारी होतास."

रामजींचा चेहरा लाल झाला. "ते काय आत्ता काढतोस? मी उचललं काय तुला?"

"नाय. तू खात राहिलास."

रामजींनी मतदान पुकारलं. एका वाडीचा एक हात. उभ्या पट्टीच्या बाजूने चार हात वर झाले आणि विरुद्ध पाच. ज्यांची नावं दिसत होती, ते पाच. आंबेवाडीचे म्हातारे गृहस्थ लवूंचे गिरणीतले सोबती; त्यांनी हात वर केला तो विरुद्धच, पण जमिनीकडे बघत.

"झालं?" लवूंनी विचारलं. "मग आमचं नाव काढा. मागे बसवायला माणसं लागतात ना तुम्हाला? आम्ही नाय."

"अरे जा! नाव काढलंस तर शिमग्यात पालखी येणार नाय तुमच्याकडे!" मागून कोणी ओरडलं. "येऊ नको म्हणावं!" खाडीवाडीचा एक जण उलट ओरडला. मग सगळेच बोलू लागले. आया-बहिणींचा उद्धार झाला, तो मी इथे लिहीत नाही. ज्यांना मी मुलांच्या प्रवेशाच्या वेळी हात जोडून उभं असलेलं पाहिलं आहे, त्यांची तोंडं इतकी वाईट होऊ शकतात हे मला नव्याने कळलं.

लवू मोरीजवळ गेले. ट्रंकेवरच्या चटया त्यांनी खाली ठेवल्या, नीट घडी करून. एक कडी धरून ओढायला लागले तेव्हा दर्शनाने लॅपटॉप माझ्या हातात दिला आणि दुसरी कडी धरली. दारापाशी तिने वैभवला सांगितलं, "पासवर्ड पाठवते. यापुढचं तूच कर."

दोघं जिना उतरत असताना वरून आवाज आला, "ट्रंक नेतोस, तर मोरी पण ने!"

लवूंनी वर पाहिलं नाही. दर्शनाने पाहिलं. तिची ती नजर मी ओळखते. शाळेत मी पट्टी पुढे करायची तेव्हा हीच असायची.

मंडळाची वेबसाइट आज चालू आहे. वर आडवी पट्टी, पाच नावं आणि ‘आणखी’. त्याच्या मागे आता तीनच वाड्या आहेत, आणि त्यांच्यातही कुजबूज सुरू झाली आहे असं लक्ष्मी सांगते. खरं-खोटं ठाऊक नाही. रामजी आणि लवू लालबागच्या बाजारात समोरासमोर आले तर एक जण रस्ता ओलांडतो.

दर्शनाने खाडीवाडीची वेगळी वेबसाइट केली. वर पडद्याच्या रुंदीभर एकच नाव. माणसं, घरं, होड्या, उत्सव यांच्या पानांसाठी डावीकडे उभी पट्टी, आणि फोनवर तीन रेघा. मजकूर तपासायला मी पुन्हा गेले, तेव्हा लवू खिडकीत फोन घेऊन बसले होते. त्यांनी ते मोठं नाव मला दाखवलं, मग लेकीला म्हणाले, "ह्यात देऊळवाडी खय?"

"ती कशाला हवी आपल्याला?"

"गाव एक असा ना? मगे होयी." त्यांनी पट्टीच्या तळाला बोट ठेवलं. "हय एक ‘आणखी’ घाल. तेच्यात टाक रामजीक."

"बाबा, नको. बरं नाही दिसत ते."

"घाल म्हणतंय ना!"

लक्ष्मीने माझ्याकडे पाहिलं. बाई काही तरी समजुतीचं बोलतील, असं तिला वाटलं असावं. मला बोलावंसं वाटलं नाही. दर्शनाने लॅपटॉप उघडला आणि घातलं.

"बाई, एकदा तपासा."

मी तीन रेघा दाबल्या, तळाशी गेले, ‘आणखी’ दाबलं. चौकोन उघडला. त्यात एकच नाव होतं, देऊळवाडी. शुद्धलेखनाची चूक नव्हती.