माडीवरचा गव्हांकुर

मिक्सरचं भांडं कितीही घासा, पात्याखाली थोडं हिरवं राहतंच. आमच्या गव्हांकुराच्या धंद्याच्या गोष्टींचंही तसंच झालंय. आम्ही दोघी जावा एकत्र बसलो की कुठून तरी एखादा किस्सा निघतो, आणि मग पोट धरून हसणं आलंच!

आष्टीत तेव्हा केबल नुकतीच आली होती, चौकाचौकात एसटीडी बूथ निघत होते आणि ज्याला त्याला काहीतरी धंदा सुचत होता. माझी धाकटी जाऊ शैला निसर्गोपचाराच्या शिबिराला गेली आणि गव्हांकुराच्या रसाचं खूळ घेऊन आली. ट्रेमध्ये माती, मातीत भिजवलेले गहू. वीतभर वाढले की कापायचे, मिक्सरमधून काढून गाळायचे. बस्स!

जागा मात्र सावलीची हवी, आणि तशी घरात एकच होती, माडीवरची खोली. ती आमच्या सासूबाईंना, म्हणजे आत्याबाईंना, भाड्यानं द्यायची होती. एक मास्तर रोज येऊन विचारत होते.

"दसऱ्यापर्यंत करा काय करायचं ते," आत्याबाईंनी सांगून टाकलं. "मंग मास्तरचं सामान येईल."

आमचा दोघींचा त्या खोलीत जीव अडकला होता. आमचं म्हणावं असं त्या घरात दुसरं काहीच नव्हतं.

*

पहिलं पीक काय सुरेख आलं म्हणून सांगू! शैलानं सगळे ट्रे जरा ऊन दाखवायला गच्चीत मांडले आणि आम्ही चहाला खाली आलो. परत जाऊन बघतो तर सगळे ट्रे साफ! मधोमध आमची शेळी उभी, डोळे मिटून रवंथ करत होती.

"हिला कुणी सोडलं?" शैला किंचाळली.

"मीच नेली वर," आत्याबाई जिन्यातून म्हणाल्या. "मानसाला पाजायच्या आधी कुनी तरी खाऊन बघावं का न्हाई?"

आम्हाला रडूच कोसळायचं बाकी होतं. पण संध्याकाळी शेळीनं रोजच्यापेक्षा जास्त दूध दिलं. लगेच आत्याबाई गल्लीभर सांगून आल्या, "आमच्या सुनांचा रस शेळीनं पास केलाय!"

दुसऱ्या दिवशी सकाळी दोन गिऱ्हाइकं पेला घेऊन दारात हजर. आता त्यांना द्यायला हिरवं कुठून आणायचं!

*

चकलांबा गावचे एक म्हातारे बप्पा आमच्या शेजारी लेकीकडं आले होते. त्यांना आम्ही नव्या पिकाचा पहिला पेला कौतुकानं दिला. एकच घोट घेतला आणि बप्पांचं तोंड असं झालं की मी पाणी घेऊन धावले.

"पोरी, ह्याच्यात जरा गूळ टाक."

टाकला.

"आता सुंठ टाक. दूध टाक. चहापत्ती टाक. आन एक उकळी येऊ दे."

पाहुण्यांना नाही कसं म्हणायचं? केलं तसं. बप्पांनी बशीत ओतून फुर्र फुर्र करत सगळं संपवलं.

"लई गुणाचं हाय गं! फकस्त उद्या ते हिरवं घालू नको."

*

लाइट गेली की मिक्सर बंद आणि आमचा धंदाही बंद. एकदा सकाळी नेमकी गिऱ्हाइकं दारात आणि लाइट गेलेली. शैलानं पदर खोचला आणि पाट्यावर गव्हांकुर वाटायला बसली. घाईत पाटा धुवायचा राहिला. आदल्या दिवशी त्यावर लसणाची चटणी वाटलेली!

सगळ्यांनी रस घेतला. पेले रिकामे करून सगळे आपापल्या घरी गेले. आमच्या जिवात जीव आला.

दुसऱ्या दिवशी लाइट होती. मिक्सरचा स्वच्छ रस दिला, तर गिऱ्हाइकांतले एक पेन्शनीतले गुरुजी पेला खाली ठेवून रुसले.

"हा न्हाई. कालचा द्या. काल कसं अंगात भिनल्यावानी वाटलं!"

तेव्हापासून गुरुजींच्या रसात गुपचूप एक लसणाची पाकळी जायची.

*

मग नवरात्र आलं. पत्रावळीवर शेतातली माती, मधोमध पाण्याचं मडकं, भोवती धान्य पेरायचं आणि दसऱ्यापर्यंत घट हलवायचा नाही. आत्याबाईंचा घट गल्लीत नावाजलेला. घट जेवढा वर येईल तेवढी घराला बरकत, म्हणून बायका मुद्दाम बघायला यायच्या.

त्या वर्षी आमच्या ट्रेंमधली वाढ बघून आत्याबाईंना चेव आला. "बघा, माझा घट तुमच्या ट्रेच्या वर जातो का न्हाई!" म्हणाल्या आणि येता-जाता घटाला पाणी घालत सुटल्या. पाचव्या माळेला देवघरात कुबट वास यायला लागला. धान्य सगळं कुजलं होतं.

आत्याबाई कुणाशी बोलेनात. जेवण घेईनात. एरवी त्यांच्यावर हसणाऱ्या आम्ही दोघी, पण त्यांचा तो उतरलेला चेहरा बघवेना. त्यात दसरा तोंडावर आलेला.

आठव्या माळेच्या सकाळी शैला माडीवरून धावत खाली आली. "आक्का, एक ट्रे रिकामा!"

"शेळी?"

"शेळी बांधलेली हाय!"

तेवढ्यात घट बघायला शेजारच्या पार्वतीकाकू आल्या. त्यांच्या मागून आम्ही देवघरात डोकावलो. मडक्याभोवती हिरवागार, दाट, वीतभर उंच गहू! गोल पत्रावळीच्या बाहेर त्याचे चारही कोपरे नीट डोकावत होते.

"अगं बाई, काय घट आलाय!" काकू म्हणाल्या. मग मान वाकडी करून बघत राहिल्या. "पर आत्याबाई, ह्यो चौकोनी कावून?"

शैलानं पदराचा बोळा तोंडात कोंबला. मी भिंतीकडं तोंड केलं.

आत्याबाईंनी शांतपणे समईची वात पुढं सारली. "देवी देती तसं घ्यावं. गोल दे, चौकोनी दे, असं तिला सांगू न्हाई."

दसऱ्याच्या सकाळी मास्तर हातगाडीवर ट्रंक आणि वळकटी घेऊन दारात आले. आत्याबाई उंबऱ्यात उभ्या होत्या. अंबाड्यात घटाचा हिरवा तुरा खोवलेला.

"खोली रिकामी न्हाई, मास्तर."

"आँ? कुणाला दिली?"

आत्याबाईंनी आमच्याकडं बघितलंसुद्धा नाही.

"वर देवीचं रान हाय."