शेवटच्या सोडतीतलं नाव

टॅनर्स रनच्या अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये सोडतीचं तिकीट वाचण्याचं काम अर्लीन हुडाककडे नवऱ्याच्या माघारी आलं. स्टॅन होता तोवर तो वाचायचा आणि ती मागे स्वयंपाकघरात लोण्यावर कोबी परतायची. तो गेला त्या वर्षी अर्लीनच वाचणार हे सगळ्यांनी धरून चाललं. तिला कोणी विचारलंही नाही. आवाज खणखणीत होता. सगळी नोकरी तिने शाळेच्या कँटीनमध्ये वाढण्यात काढली होती आणि गावातल्या निम्म्या माणसांना कधी ना कधी "ट्रे सरळ धर" म्हणून दटावलं होतं.

दल स्वयंसेवकांचं. बंब, नळ्या, हेल्मेटं, रुग्णवाहिकेचं तेलपाणी, सगळं लोकवर्गणीतून, आणि वर्गणीतला मोठा घास हरणांच्या शिकारीचा हंगाम सुरू होण्याआधी होणाऱ्या बंदुकांच्या सोडतीचा. पेनसिल्व्हेनियाच्या त्या डोंगरपट्ट्यात गावोगाव हेच चालतं आणि कोणाला त्यात काही वावगं वाटत नाही. दुपारभर हॅम सँडविच, कोबी-नूडल्स, बिअर, आणि मधूनमधून एकेका बंदुकीची सोडत. तिकिटाची दोन अर्धुकं. एक घेणाऱ्याच्या खिशात, दुसरं नाव लिहून पिंपात. अर्लीन आधी आकडा वाचायची, मग नाव. आकड्यानंतर हॉल आपापल्या अर्धुकांवर वाकायचा. नाव आलं की सगळे तळहात टेबलांवर आपटायचे आणि बिअरचे ग्लास नाचायचे.

तिकीट स्वतःच्याच नावाने घ्यायचं असा नियम नव्हता. लोक घरातल्या प्रत्येकाच्या नावाने घ्यायचे, पाळण्यातल्या पोराच्याही. पॅम शॉफर दरवर्षी चार घ्यायची: एक आपलं, एक ओहायोला दिलेल्या मुलीचं, एक मुलाचं, ग्रेडीचं, आणि एक रसचं. रस म्हणजे तिचा नवरा. त्याला जाऊन बरीच वर्षं झाली होती. "जिवंतपणी एक गोळीसुद्धा जिंकला नाही," पॅम म्हणायची, "आता तरी जिंकेल." यावर कोणी हसायचं नाही, कारण आणखी दोनतीन विधवाही तेच करत.

त्या वर्षी मात्र सोडतीवरून आधीच वाजलं होतं. वसंतात दुसऱ्या एका राज्यात एक एकटा माणूस किराणा दुकानात शिरला आणि त्याने समोर येईल त्याच्यावर गोळ्या झाडल्या. त्याच्या हातात होती तशीच लष्करी धाटणीची काळी रायफल टॅनर्स रनच्या सोडतीत शेवटचं बक्षीस होती. अर्लीनची मुलगी जेनिन पिट्सबर्गला इस्पितळाच्या तातडीच्या विभागात परिचारिका. ती फोनवर म्हणाली, "आई, तुम्ही बंदुका वाटून रुग्णवाहिका घेता आणि मग गोळी लागलेला माणूस त्याच रुग्णवाहिकेतून माझ्याकडे पाठवता."

"आपल्याकडे गोळी कोणाला लागलीय?"

"अजून नाही, एवढंच."

दलाचा प्रमुख बड मिहालिक. त्याच्यापुढे अर्लीनने विषय काढला तेव्हा तो म्हणाला, "अगं, तिकिटं त्या काळ्या रायफलीमुळेच खपतात. हरणाची बंदूक प्रत्येकाकडे आहे. तुझ्या जेनिनला सांग, बंबाच्या नव्या पंपाचे पैसे पाठव, मी रायफलीऐवजी बदकं ठेवतो."

अर्लीनने विषय सोडला. पंप खरंच जुना झाला होता.

उन्हाळ्यात आणखी एक गोष्ट घडली आणि ती घराजवळची होती. ग्रेडी शॉफरने गाडीत बसून स्वतःचं चित्रीकरण केलं आणि ते लोकांना दिसेल असं टाकलं. गाडी जिल्ह्याच्या गावी, चर्चच्या धान्यवाटप केंद्राबाहेर उभी होती. तिथे परदेशातून आसऱ्याला आलेली कुटुंबं यायची. ग्रेडीची लाकडाच्या वखारीतली नोकरी सुटली होती. चित्रीकरणात तो सावकाश, जवळजवळ शांतपणे बोलत होता आणि शेवटी म्हणाला होता, "एक माणूस पुरतो." पोलीस घरी आले. रायफल डिकीत होती, रिकामी होती, रागाच्या भरात बोललो, असं त्याने सांगितलं. त्याने कोणाचं नाव घेतलं नव्हतं. गुन्हा लावावा असं काही हाती लागलं नाही. एक पोलीस पॅमकडे आपलं कार्ड ठेवून गेला. घरातल्या बंदुका पॅमने वेस क्रीमरच्या बंदुकांच्या दुकानातल्या तिजोरीत नेऊन ठेवल्या. ग्रेडीने कपाटाची किल्ली न बोलता काढून दिली.

नंतर गावाने त्यावर बोलायचं टाळलं.

सोडतीच्या दिवशी पॅम नेहमीच्या टेबलाशी बसली आणि नेहमीप्रमाणे चार नावं लिहिली. हात चालत होता, तोंड शेजारणीशी बोलत होतं. ग्रेडीचं नाव यंदा लिहू नये हे तिच्या डोक्यातच आलं नाही.

दिवस मावळताना बडने शेवटच्या रायफलीसाठी पिंप फिरवलं आणि अर्लीनने हात घातला. तिने आकडा मोठ्याने वाचला. हॉल अर्धुकांवर वाकला. मग तिने नाव वाचलं, पण मनातच.

पॅमने आपलं अर्धुक पाहिलं आणि तोंडावर हात ठेवला.

"नाव!" मागून कोणीतरी म्हणालं. "अर्लीन, चष्मा पुस."

आकडा बाहेर पडला होता. तो परत घेता येत नव्हता. क्षणभर तिला वाटलं, आपलं चुकलं म्हणावं आणि दुसरं तिकीट काढावं. पण स्टॅनच्या आणि तिच्या मिळून इतक्या वर्षांत एकही तिकीट परत पिंपात गेलं नव्हतं.

"शॉफर," ती म्हणाली.

"कुठला शॉफर? निम्मा हॉल शॉफर आहे."

"ग्रेडी शॉफर."

एकही हात टेबलावर पडला नाही.

मग पॅमचा भाऊ लू उठला. "काय झालं? टेबलं मोडलीत का सगळी? पोरगा जिंकलाय."

"लू, खाली बस," बड म्हणाला.

"का बसू? त्याच्यावर गुन्हा आहे? कोर्टाने काही म्हटलंय? आज त्याला नाही म्हणाल, उद्या मला म्हणाल. कोणाचं तोंड आवडत नाही म्हणून बंदूक अडवायची असेल तर माझी सगळी तिकिटं परत घ्या."

"माझी सून त्या केंद्रात धान्य वाटते," दुसऱ्या टेबलावरची बाई म्हणाली. "तिचं तोंड ग्रेडीला आवडत नसेल तर तिने काय परत घ्यायचं?"

लू खुर्ची ओढून खाली बसला.

सोडतीतली प्रत्येक बंदूक वेसच्या दुकानातून, सरकारी तपासणी होऊनच हातात मिळायची. सगळे वेसकडे वळले. तो सावकाश बोलणारा माणूस. "तपासणीत तो पास होणार," तो म्हणाला. "दुकान माझं आहे, मी नाही म्हणू शकतो. मग तो पुढच्या गावी जाऊन तसलीच विकत घेईल. तेव्हा मी काय करू?"

लोक उठून कोट घालू लागले. पॅम दाराशी अर्लीनला म्हणाली, "मी लिहिलं गं. माझ्या हाताने."

"घरी जा. उद्या चर्चनंतर मी येते. बडला नको पाठवायला, लूला तर नकोच."

रिकाम्या हाताने कोणाकडे जायचं नाही म्हणून रविवारी अर्लीनने अक्रोडाचं सारण भरून भाजलेला गोड रोल घेतला. शॉफरांच्या अंगणात ग्रेडी बर्फ काढायचं यंत्र उघडून बसला होता. हात ग्रीसने काळे. तिला पाहून तो उभा राहिला, शाळेत राहायचा तसा.

"मिसेस हुडाक. मला कळलंय. लूमामाने सकाळीच फोन केला. अभिनंदन म्हणाला."

"तू काय म्हणालास?"

"थँक्यू म्हणालो. दुसरं काय म्हणणार?"

अर्लीन पायरीवर बसली. रोल मांडीवर तसाच होता. ग्रेडी पुन्हा यंत्राशी बसला आणि पान्याशी खेळत म्हणाला, "तुम्ही मला घाबरता का?"

"हो."

त्याने पाना खाली ठेवला. "चला, एकाने तरी म्हटलं. बाकीचे मला पाहिलं की हवेच्या गप्पा मारतात. उन्हाळाभर मी हवेबद्दल जेवढं ऐकलं तेवढं रेडिओवर पण सांगत नाहीत."

अर्लीनला हसू आलं नाही. "मी सरळ विचारते. त्या दिवशी तू गाडीतून का उतरला नाहीस?"



"उतरलो होतो."

"पोलिसांना तर तू म्हणालास—"

"पोलिसांना जे म्हणालो ते म्हणालो. रायफल मागच्या सीटवर होती. भरलेली. मी ती घेऊन दारापर्यंत गेलो. दाराला कागद चिकटवला होता. वाटपाची वेळ बदलली होती. गुरुवारी या म्हणे."

"आणि उघडं असतं तर?"

"तेच तर माहीत नाही, मिसेस हुडाक. कधी वाटतं परत फिरलो असतो. कधी तसं वाटत नाही." त्याने हात पँटला पुसले, ग्रीस तसंच राहिलं. "मला ती रायफल नकोय. घरात काहीच नकोय. किल्ली मी उगाच नाही दिली. पण नको म्हणालो की लूमामा म्हणणार, पोराला घाबरवलं. आणि तुमची जेनिन म्हणणार, बघा, आम्ही सांगतच होतो. मला कोणाचाच झेंडा व्हायचं नाही. तुम्ही गुपचूप परत घ्या ती, आणि हे कोणाला सांगू नका."

पाव घटका अर्लीनला तो सौदा बरा वाटला. रायफल तिजोरीत, पोरगा घरात, हॉल शांत. मग तिला तो चिकटवलेला कागद दिसू लागला.

"रायफलीचं मी बघते," ती म्हणाली. "पण आत्ता जे सांगितलंस ते पोटात ठेवणार नाही. त्या पोलिसाचं कार्ड तुझ्या आईकडे आहे. मी त्याला फोन करणार."

"मी तुम्हाला विश्वासाने सांगितलं."

"म्हणून तुझ्या तोंडावर सांगतेय. नाहीतर पाठीमागेच केला असता फोन."

तो उठला. अर्लीनने पायरीची कड घट्ट धरली. तो अंगणाच्या टोकाला गेला, कुंपणाशी थांबला, पाठमोरा. पॅम खिडकीत उभी होती. तिला शब्द ऐकू येत नव्हते, पण काय चाललंय ते कळत असावं, कारण ती हलत नव्हती.

"मला घेऊन जातील?" तो न वळता म्हणाला.

"बहुतेक. आधी इस्पितळात नेतील. मी जेनिनला विचारते कुठलं चांगलं आहे. ती तोंडाने फाटकी आहे, पण तिच्या कामात पक्की आहे."

"चालेल असं मी म्हणणार नाही." तो परत येऊन यंत्राशेजारी बसला. "पण करा. मी कुठे जात नाही."

फोन पॅमच्या स्वयंपाकघरातून झाला. पोलीस येईपर्यंत ग्रेडीने यंत्राचे स्क्रू परत बसवले, पट्टा चढवला आणि एकदा चालू करून पाहिलं. यंत्र चाललं. मग हात धुऊन, शर्ट बदलून तो स्वतः पोलिसाच्या गाडीत जाऊन बसला. पॅम मागच्या सीटवर त्याच्याजवळ. पोलिसाने कोणाला हात लावला नाही, दिवे लावले नाहीत.

गाडी वळणाआड गेल्यावर अर्लीन आपल्या गाडीत येऊन बसली. तेव्हा तिच्या लक्षात आलं की अक्रोडाचा रोल तिच्याच हातात आहे. सकाळपासून तिने काही खाल्लं नव्हतं. तिने फडकं सोडलं आणि बोटांनी तोडून जवळजवळ अर्धा रोल तिथेच संपवला. इतकी भूक तिला कित्येक महिन्यांत लागली नव्हती.

प्रकरण न्यायाधीशापुढे गेलं. ग्रेडीला तुरुंग झाला नाही. उपचार सक्तीचे झाले आणि बंदूक बाळगायचा हक्क गेला. लूने त्या दिवसापासून अर्लीनशी बोलणं टाकलं. किराणा दुकानात ती दिसली की तो ढकलगाडी दुसऱ्या रांगेत वळवायचा. दलाच्या बैठकीत अर्लीन पहिल्यांदाच बोलायला उभी राहिली. काळी रायफल वेसने पुरवठादाराला परत पाठवावी, आणि यापुढे शेवटचं बक्षीस काहीही असावं, पण ती नसावी, असं ती म्हणाली. हरणाच्या बंदुकांना तिने हात लावला नाही. तेवढी हिंमत तिच्यात नव्हती आणि तिला ते पटलंही नसतं. जेनिन म्हणाली, "अर्धंच काम केलंस." बड म्हणाला, "तू आमचा धंदा बसवलास." ठराव एका मताच्या फरकाने पास झाला आणि ते मत बडचं होतं.

दुसरा ठराव एकमताने झाला: ज्याचं तिकीट त्याचंच नाव. गावात खरी कुरकुर त्यावर झाली. रायफल गेल्याचं लोकांनी सोसलं, पण नातवाच्या नावाने तिकीट घेता येत नाही हे त्यांना सोसवेना.

पुढच्या सोडतीला शेवटचं बक्षीस होता मोठा फ्रीझर, अर्ध्या गाईच्या मांसाने भरलेला. पंप अजून जुनाच होता. पॅमने एकच तिकीट घेतलं आणि लिहिताना दोनदा पाहिलं. ग्रेडी आत भांडी घासत होता. त्याला ते काम कोणी सांगितलं नव्हतं आणि नकोही म्हटलं नव्हतं. लू कोबी घ्यायला रांगेत आला, ताट पुढे केलं आणि म्हणाला, "तुझ्या हातचं खारट होतं हल्ली." वर्षभरातलं ते त्याचं पहिलं वाक्य. अर्लीनने त्याला दोन डाव जास्त वाढले.

बडने पिंप फिरवलं. अर्लीनने हात घातला, तिकीट उघडलं आणि थांबली. हल्ली ती आधी नाव वाचते, मनात, आणि मगच तोंडाने आकडा. हॉलला तेवढं थांबायची सवय झाली आहे. नाव होतं मार्ज क्लिंगर, नाक्यावरची न्हावीण, जिच्याकडे फ्रीझर ठेवायला जागाच नव्हती.

अर्लीनने श्वास सोडला आणि आकडा वाचला. टेबलं दणाणली, आतून पातेल्यावर डाव आपटल्याचाही आवाज आला.