अनुसयाचं साटंलोटं

हे किस्से मी इतक्यांदा सांगितलेत, की त्यात घडलेलं किती आणि सांगता सांगता चिकटलेलं किती, हे आता माझं मलाच सांगता येत नाही. सकाळी फिरून झालं की हिंगोली स्टेशनच्या बाकावर आम्ही चार निवृत्त लोक बसतो. एकानं काही सांगितलं की दुसऱ्याला आपलं आठवतं, आणि ढीग वाढत जातो. मग घरी बायको विचारते, "मागच्या वेळी जमादार सायकलवर आला होता, आज मोटारसायकलवर कसा आला?"

मी प्राणिशास्त्राचा पीएच.डी. तीस वर्षं कॉलेजात शिकवलं. पण दाराला कुलूप लावलं की नाही हे बघायला मी अजूनही गल्लीच्या टोकावरून परत येतो. तेव्हा जमादाराच्या सायकलीची हमी मी देत नाही. एका कागदाचं तर मला बरीच वर्षं कोडंच होतं. पण ते पुढे.

अनुसया ही कुरुंद्याच्या मारोतरावांची मुलगी. मारोतराव मेंढपाळ. बारावीला ती माझ्या वर्गात होती, पुढे पशुवैद्यकीय कॉलेजात गेली. तिथे तिसऱ्या वर्षाला असताना स्कॉटलंडच्या एका विद्यापीठात एक सेमिस्टर शिकायला तिची निवड झाली. एक्स्चेंज प्रोग्राम! दोन हजार सालाच्या आगेमागे आमच्या भागात हा शब्दही कोणी ऐकलेला नव्हता. वडिलांची लेखी संमती तेवढी हवी होती, आणि ती मिळवायचं काम तिनं माझ्यावर टाकलं.

*

बाजाराच्या दिवशी मारोतराव घरी आले. मी खुर्ची पुढे केली, ते उंबऱ्याशी घोंगडी टाकून बसले.

"एक्स्चेंज म्हंजी काय, सर?"

"अदलाबदल. आपली मुलगी तिकडे जाते, त्यांची इकडे येते."

"मंग साटंलोटं म्हना की!"

स्वयंपाकघरातून बायकोचं हसू ऐकू आलं. मी घाईघाईनं खुलासा केला, की यात लग्नबिग्न काही नाही, नुसतं शिकणं आहे.

"त्ये कळतंय मला. पन देनं-घेनं बराबर पायजे. आपली दिली अन् त्यायची आलीच न्हाई, तर लोक काय म्हनतीन? त्यायची येनार का?"

पत्रात लिहिलं होतं, की तिकडचं कोणी इच्छुक असल्यास येईल. आता 'इच्छुक असल्यास' हे मारोतरावांना कसं सांगायचं? ते उठून गेले असते आणि मुलगी घरी राहिली असती.

मी म्हणालो, "येईल."

"मंग माजी ना न्हाई."

काम एका शब्दावर झालं! तो शब्द माझा होता, आणि त्याला पत्रात आधार नव्हता.

*

संमती मिळाल्यावर माझीच झोप उडाली. मुलीनं कधी विमान जवळून पाहिलेलं नाही, थंडी कसली, माणसं कसली! पुढच्या बाजाराला मी मारोतरावांना म्हणालो, "सहा महिने आहेत हो. परका मुलूख. नीट विचार केलाय ना?"

त्यांनी खांद्यावरची घोंगडी सावरली.

"सर, दिवाळी झाली की आमी मेंढरं घेऊन निंगतो, ते रोहिन्यांला वापस. सा-सात महिने. दरसाल परका मुलूख. ही रांगत व्हती तवा घोड्यावर बसून पार वऱ्हाडात जाऊन आली. तुमी कुठवर गेलात?"

"हैदराबाद. दोन दिवस."

"मंग तुमाला भ्याव वाटनारच!"

*

संमतीपत्र टाइप करायला आमच्या कॉलेजचे क्लार्क रहीमभाई बसले. मी इंग्रजी मजकूर सांगत होतो. तो संपला तशी मारोतरावांनी मान हलवली.

"आता माजंबी लिवा. त्यांच्या पोरीला आमी आमच्या पोरीवानी सांभाळू. दूध-भाकर देऊ. घोंगडी नवी देऊ. पोरीला चालायची सवय पायजे. अन् कुत्र्याला भ्याची न्हाई पायजे."

रहीमभाईंची बोटं मशीनवर थांबली. "सर, ये कुत्ते का मॅटर भी टाइप करूँ?"

मी म्हणालो, राहू द्या, मी वेगळ्या कागदावर हातानं लिहितो. घरी बसून इंग्रजीत लिहिला. शेवटी पत्ता माझा घातला, कारण अर्धं वर्ष मारोतरावांना पत्ताच नसतो. त्यांनी खाली अंगठा उठवला. कागद वाळतोय तोवर बायको हळदीची वाटी घेऊन आली.

"साटंलोटं आहे ना? मग चारी कोपऱ्यांना हळद नको?"

लग्नपत्रिकेला लावतात तशी तिनं लावलीसुद्धा!

पोस्टाच्या खिडकीपाशी मी थबकलो. परदेशातलं विद्यापीठ, हळद लावलेला कागद, त्यात कुत्री. हसले आणि मुलीचं नावच खोडलं तर? आणि नाही पाठवला, तर मारोतरावांचा निरोप मी कोणत्या अधिकारानं अडवणार? मी तो कागद पाकिटातून तीनदा बाहेर काढला. आत किती वेळा घातला, ते मोजलं नाही. मागचा माणूस ओरडला, "ओ सर, चिकटवून राहिले का वाचून राहिले?" आणि मी पाकीट दिलं.

घरी खिशात कागद नव्हता. टेबलाच्या खणात नव्हता. पण माझ्या खिशांवरही माझा कधी भरवसा नव्हता; तो पाकिटातून गेला की वाटेत कुठे पडला, ते कळेना.

*

पासपोर्टच्या चौकशीला पोलीस ठाण्याचा जमादार कुरुंद्याला गेला (सायकलवर समजा). घराला कडी. कळप तेव्हा कनेरगाव नाक्याजवळ एका शेतात बसलेला, आणि अनुसया सुट्टीत तिथेच. जमादार दुसऱ्या दिवशी तिथे पोचला.

"ही अनुसयाच कशावरून?"

मारोतराव म्हणाले, "हाक मारून पाहा. येते का न्हाई?"

जमादारानं मोठ्यानं हाक मारली, "अनुसया!"

अनुसया आली. तिच्यामागे एक मेंढीही आली!

त्यानं नोंद नेमकी कोणाची केली, याची मला पासपोर्ट हातात पडेपर्यंत धास्ती होती.

*

व्हिसाच्या मुलाखतीची तालीम आमच्या ओसरीवर चालायची. मी साहेब व्हायचो, कोट घालायचो. मे महिना! एक दिवस मी इंग्रजीत विचारलं, "इतक्या लांब मेंढ्यांचाच अभ्यास कशासाठी? मेंढ्या तर तुमच्या घरी आहेत."

मी तिला एक लांबलचक उत्तर पाठ करायला दिलं होतं. त्यात 'ग्रामीण विकास' दोनदा होता. तिनं ते बाजूला ठेवलं आणि साध्या इंग्रजीत म्हणाली, "मेंढ्या मला कळतात. त्या मरतात काहून, ते कळायचंय."

इंग्रजी वाक्यात आमच्याकडचा 'काहून', म्हणजे 'का', तसाच ठेवला होता. ती नववीत असताना एका पावसाळ्यात त्यांचा अर्धा कळप गेला होता, हे मला माहीत होतं. मी दुरुस्ती करायला पेन उघडलं आणि परत बंद केलं.

"मुलाखतीत हेच सांगू का, सर?"

"हेच सांग. फक्त 'काहून' काढ."

"तोच राहू द्यावा म्हणते," ती म्हणाली.

*

बॅग वीस किलोच्या वर नको, असा नियम. घरचा वजनकाटा पाच किलोचा. रहीमभाई म्हणाले, मोंढ्यातल्या घाऊक बाजारात चला. मारोतरावांनी हळदीच्या अडतीवरच्या काट्यावर बॅग चढवली. भोवती पोती, हवेत पिवळी धूळ. हमालानं काटा वाचला, "एकोणीस किलो आठशे! पोत्याचं वजन कापायचं का?"

सगळे हसले. अडत्या गादीवरून म्हणाला, "माल कुठं चालला, मारोतराव?"

"फॉरेनला."

"भाव काय लागला?"

मारोतरावांनी बॅग उचलून खांद्यावर घेतली. "इकायचा न्हाई. हा माल वापस येनार हाय!"

*

माल वापस आला. सहा महिन्यांनी अनुसया आली, गालावर लाली, बॅगेत औषधांची माहितीपत्रकं. मुलाखतीतला साहेब 'काहून'चा अर्थ विचारून वहीत लिहून घेत होता, असं तिनं सांगितलं. पुढे पदवी झाली, सरकारी दवाखान्यात जनावरांची डॉक्टर म्हणून नेमणूक झाली. आमच्या ओसरीवरचं सगळं व्यवस्थित पार पडलं. एक माझा शब्द सोडून.

"सर, त्यायची कवा येनार?" मारोतराव दर बाजाराला विचारायचे. आवाजात राग नसायचा, हेच वाईट.

"येईल."

"घोंगडी करून ठिवली हाय. कसर लागंल तिला."

मी बाजाराच्या दिवशी मशिदीमागच्या बोळातून जायला लागलो. एका मेंढपाळाला चुकवणारा पीएच.डी.! एकदा ते त्या बोळातच भेटले.

"साटंलोटं अर्धंच ऱ्हायलं, सर. आमी घेतलं, दिलं न्हाई."

मला वाटत होतं, फसवणूक त्यांची झाली. त्यांना वाटत होतं, देणं त्यांच्याकडे राहिलं!

*

आठ-नऊ वर्षं गेली असतील. मी निवृत्त झालो होतो. एका सकाळी फाटकाशी ऑटो थांबला. आतून एक उंच गोरी मुलगी उतरली, पाठीवर पिशवी, नाक उन्हानं लाल. तिनं घडी घातलेला कागद उघडला आणि माझं नाव आणि गल्लीचा पत्ता अडखळत वाचून दाखवला. स्कॉटलंडच्या त्याच विद्यापीठातून आली होती, मेंढ्यांच्या आजारांवर शिकत होती. तिनं कागद माझ्या हातात दिला. चष्मा आत राहिला होता. मी कागद तसाच खिशात ठेवला. आयुष्यभराचं इंग्रजी ऐनवेळी तोंडातून गेलं; मी फक्त "कम, कम" म्हणालो आणि त्याच ऑटोत बसलो.

कळप कनेरगाव नाक्याजवळ होता. आम्ही उतरलो तशी दोन कुत्री भुंकत अंगावर धावून आली. मी परत ऑटोत चढलो. ती जागची हलली नाही. हात खाली धरून उभी राहिली. कुत्र्यांनी हात हुंगला आणि गप्प झाली.

मारोतराव काठी टेकत आले. आधी तिच्या पायातले बूट पाहिले, मग चेहरा.

"हीच ती," ते मला म्हणाले. "लय उशीर केला पोरीनं. रस्ता चुकली व्हती काय?" आणि मागे वळून बायकोला हाक दिली, "घोंगडी काढ गं!"

संध्याकाळी घरी येऊन मी चष्मा लावला आणि खिशातला कागद उघडला. अक्षर माझं होतं. खाली अंगठा होता, चारही कोपरे पिवळे होते. कुत्र्याच्या ओळीखाली पेन्सिलीनं रेघ ओढलेली होती. ती माझी नव्हती.