मोठे गोटे वर, बारीक खाली

अख्ख्या अमिरातीत दगडांवर जीव लावणारा एकच माणूस होता आणि तो नेमका माझा साडू निघाला. लोक दुबईला सोनं बघायला येतात, उंच इमारती बघायला येतात. आमचे साडू त्या इमारतींच्या पायथ्याशी, कुंड्यांच्या कडेने पसरलेल्या पांढऱ्या गोट्यांसमोर उकिडवे बसायचे, एखादा उचलून नखाने खरवडायचे आणि मान हलवत म्हणायचे, "माल ओमानचा आहे, पण नीट धुतलेला नाही." समोरची इमारत किती मजली होती, हे त्यांना नंतर सांगता आलं नसतं. माझ्या बायकोची थोरली बहीण, म्हणजे आमच्या ताई, 'मुलगा दुबईला परचेस ऑफिसर आहे' एवढ्यावर लग्नाला तयार झाल्या होत्या. काय परचेस करतो ते विचारायचं राहून गेलं, असं त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत.

साडू कऱ्हाडचे. कृष्णेच्या पात्रातल्या गोट्यांवर लहानाचे मोठे झालेले. इथे एका कंपनीत ते व्हिलांच्या बागांसाठी आणि कारंज्यांसाठी दगड खरेदी करत. ही झाली नोकरी. पण दुबईशेजारच्या अजमानमधल्या त्यांच्या दोन खोल्यांत श्रीखंडाचे रिकामे डबे भिंतीला लावून रचलेले होते आणि प्रत्येक डब्यात नमुन्याचे गोटे, वर चिठ्ठी: कुठले, किती मिलिमीटरचे, ओले केल्यावर रंग कसा दिसतो. एका शुक्रवारी गप्पांच्या नादात मी त्यातल्या एका डब्यात हात घालून, शेंगदाणे समजून, मूठभर तोंडात टाकले. माझ्या दाढेतलं सिमेंट निखळलं. साडू धावत आले, पाण्याचा तांब्या माझ्या हातात दिला आणि खाली सांडलेले गोटे वेचता वेचता म्हणाले, "पण कडकपणा बघा साडूभाऊ. दाढ गेली, त्याला ओरखडा नाही."

एकदा सुट्टीहून परतताना विमानतळावर त्यांची बॅग उघडायला लावली. आत लोणच्याची बरणी, दोन शर्ट आणि अठरा किलो दगड. अधिकाऱ्याने विचारलं, हे काय आहे? "स्टोन, सर." आणि याच्या आत? "इनसाइड ऑल्सो स्टोन, सर." अधिकाऱ्याने एक दगड कानाशी धरून हलवून पाहिला, दुसऱ्या अधिकाऱ्याला बोलावलं, त्यानेही हलवला. शेवटी दोघांनी एकमेकांकडे बघून हात जोडल्यासारखं केलं आणि "खलास, यल्ला, गो" म्हणून सोडून दिलं. त्यांच्याबरोबर पूर्व किनाऱ्यावर फुजैराला सहलीला जाणं म्हणजे तर शिक्षाच. दीड तासाच्या रस्त्याला आम्हाला पाच तास लागत, कारण वाटेत डोंगरातून उतरलेला प्रत्येक कोरडा ओढा त्यांना उतरून बघायचा असे. त्यांची मुलगी गाडीतून ओरडायची, "बाबा, इट्स जस्ट अ रॉक!" त्यावर ते दुखावल्या चेहऱ्याने म्हणायचे, "जस्ट म्हणू नये बाळा."

पण फुजैराच्या त्या सहलींतच त्यांनी एक गोष्ट हेरून ठेवली होती. तिथे किनाऱ्याचा एक कोपरा वाळूचा नाही, गोट्यांचा आहे. त्या कोपऱ्यात मोठे गोटे वरच्या बाजूला असतात, खाली पाण्याकडे यावं तसे बारीक होत जातात, आणि उतार चांगला उभा असतो. "लाट येते तेव्हा जोरात येते, मोठ्यालाही वर ढकलते. परत जाताना पाणी गोट्यांमधून झिरपून जातं, त्याच्यात ओढायला दम राहत नाही. मग मोठा वरच बसतो. घरी जायला निघालेला पाहुणा कुठे सामान नेतो?" असं ते समजावून सांगत. मला पाहुण्याचं नीटसं कळलं नाही, पण मी मान हलवली.

२००८ साल उजाडलं तेव्हा दुबईत जे जे जगात आहे ते ते इथे उभं करायचा सपाटा चालला होता. साडूंच्या कंपनीला काम मिळालं ते व्हिलांच्या मधोमध एक गोट्यांचा समुद्रकिनारा बांधण्याचं. भूमध्य समुद्रातल्या सायप्रस बेटावरची एक आडवळणाची खाडी, तिचा मोठा फोटो ऑफिसात लावलेला, आणि हुबेहूब तशीच खाडी वाळवंटात हवी. लाटा सोडायला यंत्रसुद्धा येणार होतं. साडू तेव्हा जमिनीपासून चार बोटं वरून चालत होते. मात्र कन्सल्टंटच्या नकाशात किनारा जवळजवळ सपाट होता आणि बारीक, गुळगुळीत गोटे वर, बसणाऱ्यांच्या पायांना टोचू नये म्हणून. साडूंनी भर मीटिंगमध्ये उभं राहून सांगितलं, सर, हे उलटं आहे. मोठे वर, बारीक खाली. पहिली लाट सोडाल तेव्हा तुमचा सगळा किनारा विस्कटेल. कन्सल्टंटने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "हे तुम्ही कुठे पाहिलं?" साडू म्हणाले, फुजैराला. "आणि भूमध्य समुद्र कधी पाहिलाय?" साडू म्हणाले, नाही. टेबलाभोवतीची चौदा माणसं हसली.

त्या हसण्याबद्दल साडूंनी मला तीन वेळा सांगितलं आणि तिन्ही वेळा आकडा चौदाच सांगितला. या माणसाला मी कधी रागावलेलं पाहिलं नव्हतं आणि तेव्हाही ते रागावले नव्हते. ओढ्याशी गाडी थांबवायला सांगणं त्यांनी सोडलं होतं, आणि ते मला जास्त लागलं. किनारा नकाशाप्रमाणे झाला. गोटे पसरून झाले, पाणी सोडायचं बाकी होतं, आणि मंदी आली. क्रेन जिथल्या तिथे थांबल्या. ऑफिसात कमी करायच्या माणसांची यादी निघाली आणि 'सल्लागारांशी जुळवून घेत नाही' अशा शेऱ्यासह आमच्या साडूंचं नाव पहिल्या पानावर आलं.

नोटिशीचे दोन महिने हातात होते. शहाणी माणसं अशा वेळी दुसरी नोकरी शोधतात, नाहीतर कार्टनमध्ये भांडी भरतात. साडूंनी सोफा आणि टीव्ही विकला आणि सायप्रसची तिकिटं काढली. ताईंनी दोन दिवस अन्न टाकलं. माझ्या बायकोने मला समजूत घालायला अजमानला पाठवलं. मी म्हटलं, "भाऊ, ही काय वेळ आहे का फिरायला जायची?" ते सतरंजीवर बसले होते, कारण सोफा गेला होता. म्हणाले, "साडूभाऊ, नोकरी गेलेला माणूस म्हणून गावी जायचंय, त्याला इलाज नाही. अख्ख्या दुबईची गेलीय. पण चुकलेला माणूस म्हणून मला जायचं नाही. बरोबर की चूक, एकदा बघून येतो. चूक निघालो तर तसं सांगेन." घरी येऊन मीही तिकीट काढलं आणि बायकोला सांगितलं की त्यांच्यावर लक्ष ठेवायला जातोय.

तर असे आम्ही चौघे, म्हणजे साडू, ताई, त्यांची दहावीतली मुलगी आणि मी, एप्रिलमधल्या एका सकाळी सायप्रसच्या टॅक्सीत बसलो. मांडीवर थालीपिठांचा डबा. दुबईबाहेरच्या जगातही यल्ला आणि हबीबी, म्हणजे चला आणि दोस्ता, चालतं अशी साडूंची समजूत होती. ते ड्रायव्हरला "यल्ला हबीबी, लिटिल फास्ट" म्हणत होते आणि तो बिचारा प्रत्येक वेळी गाडी बाजूला घेऊन काय हवंय म्हणून विचारत होता. फोटोतली खाडी शेवटी एका खेड्याच्या पलीकडे सापडली. रस्ता संपला, तिथून ऑलिव्हच्या झाडांमधून अर्धा तास पायवाट उतरायची. खाली दोन कड्यांच्या बेचक्यात पांढुरका किनारा, निळंशार पाणी आणि चिटपाखरू नाही. लाट परतताना गोटे एकमेकांवर घरंगळत, आणि त्याचा आवाज वरपर्यंत येत होता. मी आयुष्यात इतकी सुंदर जागा पाहिली नव्हती. साडूंनी तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. त्यांनी पिशवीतून तीन भोकांची एक फळी काढली, प्रत्येक भोक वेगळ्या मापाचं, आणि पाण्याच्या काठाशी गुडघ्यांवर बसून गोटे त्या भोकांतून घालायला लागले.

पहिलाच गोटा मोठ्या भोकातही जाईना. दुसराही नाही. अगदी पाण्यालगत चांगले नारळाएवढे गोटे पडले होते. साडूंचा चेहरा उतरला. ते उठले, फळी हातात तशीच, आणि म्हणाले, "मोठे खालीच आहेत की." मुलगी जवळ आली आणि पहिल्यांदाच मराठीत म्हणाली, "बाबा, जाऊ दे ना." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. एवढ्या लांब येऊन या माणसाला हे बघायला लागावं, यापेक्षा ती दाढ पुन्हा गेली असती तरी चाललं असतं.

ताई इतका वेळ वरच्या बाजूला, कड्याच्या सावलीत फुगून बसल्या होत्या. त्यांनी चपला काढल्या आणि थालीपिठाचा डबा घेऊन आमच्याकडे यायला निघाल्या. पहिली दहा पावलं त्या "आई गं, आई गं" करत, हात पसरून तोल सावरत आल्या. मग अर्ध्यावर थांबल्या. खाली बघितलं. मागे वळून वर गेल्या, पुन्हा खाली आल्या. साडीचा काठ उचलून धरून त्या तीन वेळा वरखाली झाल्या आणि लग्नानंतर सोळा वर्षांत पहिल्यांदा दगडांविषयी बोलल्या. "अहो, वर पाय ठेववत नाही एवढे थोराड आहेत. इकडे येईल तसे बारीक होतायत. तुमच्या पायाशी आहेत ते कड्यावरून सुटलेले असतील. बघा की, कंगोरेदार आहेत. गोल कुठे झालेत अजून?"

साडूंनी वाकून बघितलं. खरंच कंगोरेदार होते, कड्यावरून अलीकडेच पडलेले. ते बाजूला केले तर खाली पावट्याएवढे बारीक, गोल गोटे. मग त्यांनी वरपासून खालपर्यंत दर पाच पावलांवर मोजलं. मुलगी वहीत आकडे लिहीत होती, मी फळी धरून उभा होतो आणि ताई पुढे अनवाणी चालत तोंडी अहवाल देत होत्या. मोठे वर, बारीक खाली, उतार उभा. ज्यांना चौदा माणसं हसली होती ते आमचे साडू शंभर टक्के बरोबर होते. मला इतका अभिमान वाटला की मी त्या निर्जन किनाऱ्यावर एकटाच टाळ्या वाजवल्या.

थालीपीठ खाताना मी म्हटलं, "फोटो काढा आणि आजच पाठवा त्या कन्सल्टंटला. कळू दे." साडूंनी लोणच्याचा खार बोटाने पुसून खाल्ला. "त्याला माझ्या आठवडाभर आधीच काढलं, साडूभाऊ. दोन लहान मुलं आहेत त्याची. आता कशाला त्याच्या जखमेवर मीठ?" मग डबा बंद करताना म्हणाले, "माणूस वाईट नव्हता. त्याला लोकांच्या पायांना टोचायची काळजी होती." आणि पायजमा वर खोचून ते गुडघाभर पाण्यात जाऊन उभे राहिले. समुद्र बघायला त्यांना तेव्हा कुठे सवड झाली.

महिन्याभरात ते कुटुंब कऱ्हाडला गेलं. पुढच्या हिवाळ्यात कामानिमित्त त्या व्हिलांच्या बाजूला गेलो तेव्हा मी मुद्दाम वाट वाकडी करून तो अर्धवट प्रकल्प बघायला थांबलो. रिकाम्या व्हिला, त्यांच्या मधोमध पाण्यावाचून पडलेली ती खाडी. सपाट. वर बारीक गोटे, खाली मोठे. पठाण वॉचमन जवळ आला. "क्या देख रहे हो साब?"

"ये उल्टा बना है," मी म्हटलं.

त्याने खाडीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "किसने बोला?"

"हमारे साढू ने. वो असली वाला देखके आए हैं."

वॉचमनने मान डोलावली, जणू एवढा पुरावा पुरेसा होता. गाडीत बसल्यावर मी कऱ्हाडला फोन लावला. साडू नदीवर गेले होते.