पानी म्हना

कॉलेजनं पाठवलेल्या यादीत दोन पांढरे एप्रन, एक छोटा टॉर्च आणि हातात मावेल एवढा आरसा होता. आरसा कमलबाईनं स्वतः पांढुर्ण्याच्या बाजारातून आणला. घरी आल्यावर तो पोरीच्या, शीतलच्या, बॅगेत न ठेवता तिनं आधी नवऱ्यापुढे धरला.

"पाहून घ्या. शीतल याच्यातच बोलाले शिकवन तुमाले."

देवीदासनं आरशात पाहिलं. एका बाजूनं ओघळलेला चेहरा त्याच्याकडे पाहत राहिला.

दोन वर्षांपूर्वीपर्यंत देवीदास नगरपालिकेत पाणी सोडायच्या कामावर होता. लांब दांड्याची चावी खांद्यावर टाकून तो गल्लीगल्लीत फिरायचा. "आलं व माय, भांडे लावा!" ही त्याची हाक तीन गल्ल्यांपलीकडे जायची. एका सकाळी तो व्हॉल्व्हच्या खड्ड्यापाशीच खाली बसला आणि उठला नाही. दवाखान्यातून आला तेव्हा उजवं अंग लुळं होतं आणि बोलणं गेलं होतं. माणसं ओळखायचा, ऐकलेलं त्याला कळायचं. पण तोंड उघडलं की 'त-त' एवढंच बाहेर पडायचं.

मग वैशाख पौर्णिमा आली. विहारात वीस वर्षं वंदना तोच सांगत आला होता, म्हणून लोकांनी त्याला नेऊन पुढे बसवलं. वंदना सुरू झाली, आणि देवीदासच्या तोंडून 'बुद्धं सरणं गच्छामि' निघालं. न अडखळता, शेवटपर्यंत. बाया रडल्या. घरी आल्यावर पुन्हा 'त-त'.

त्या दिवसापासून त्याच्या मुकेपणावर कोणी विश्वास ठेवला नाही.

"काऊन गा देवीदास," शेजारचे केशवराव म्हणायचे, "विहारात पोपटावानी बोलतं, अन् आमच्यासाठी मौनाचा उपास हाय का?"

कमलबाईला वाटलं, हा राग आहे, आपल्यावरचाच. गरज पडली की सुटेल. मग ती पाण्याचा गिलास हातभर लांब धरू लागली. "पानी म्हना, मंग देतो." कधी पाच मिनिटं, कधी अर्धा तास. देवीदासचे ओठ हलायचे, डोळे गिलासावर. शेवटी तिचा हात दुखायचा आणि ती गिलास टेकवायची. हा उपाय शीतलनंच मोबाईलवर कुठंतरी पाहून सांगितला होता.

बोलणं परत आणायला शिकवणारी पदवी असते, हे शीतलला नागपूरच्या दवाखान्यात कळलं. बारावीला बायलॉजी होती. इंदूरला नंबर लागला. घरात दोन वर्षांनी गोडाचं झालं.

प्रवेशाच्या दिवशी, कागद तपासून झाल्यावर, तिनं तिथल्या मॅडमना गिलासाचं सांगितलं आणि विहारात मोबाईलवर टिपलेली बाबाची वंदना ऐकवली. त्यांनी ती शेवटपर्यंत ऐकली. मग सांगितलं, हजारदा म्हटलेले शब्द आपोआप येतात. ते आले म्हणून पाणी मागता येईलच असं नाही. दोन वर्षं गेली, आता फार थोडं परत येईल. खुणा शिकवता येतील, चित्रं दाखवता येतील. "और पानी कभी मत रोकना," त्या म्हणाल्या.

परतीच्या गाडीत शीतल खिडकीशी बसून होती. आईला खरं सांगितलं तर ती विचारेल, मग तिथं जायचं कशाला? न सांगितलं तर बाबा चार वर्षं त्या गिलासाकडे पाहत बसतील.

ती कितीतरी दिवस गप्प राहिली. बोलता येत असून.

निघायच्या दुपारी कमलबाईनं पुन्हा गिलास लांब धरला. शीतलनं तो काढून घेतला आणि बाबाच्या ओठांना लावला.

"आई, त्याईले बोलताच येत नाई. वंदना येगळी. मॅडमनं सांगतलं."

"साऱ्या विहारानं आयकलं. तुया मॅडमनं आयकलं का?"

"आयकलं. म्हनूनच सांगून राहिली."

"मंग तू कायले जाऊन राहिली तिथं?"

दुसऱ्या कोणाच्या तरी बापासाठी, असं उत्तर होतं. जो कालच पडला असेल त्याच्यासाठी. शीतलनं रिकामा गिलास खाली ठेवला.

"अजून कॉलेजात बसली नाई," कमलबाई म्हणाली, "अन् मास्तरीन झाली माही."

शीतलनं प्रवासाची बाटली भरली. झाकण सैल केलं आणि ती बाबाच्या खाटेवर, डाव्या हाताला लागेल अशी ठेवली. डावा हात अजून चालत होता.

ऑटो आला. देवीदासला दारात खुर्चीवर बसवलं होतं. शीतल पाया पडली. त्यानं डावा हात तिच्या डोक्यावर ठेवला आणि तोंड उघडलं. गळ्याच्या शिरा ताणल्या. बराच वेळ काहीच आलं नाही. मग आलं.

"बुद्धं सरणं गच्छामि."

"पाह्य!" कमलबाईचा चेहरा उजळला. "बोलले का नाई?"

केशवरावांनी मान डोलावली. शीतल ऑटोत बसली.

ऑटो वळणार तोच कमलबाई घरातून धावत आली आणि तिनं बाटली आत दिली.

"खाटीवर इसरली होती. रस्त्यात लागन तुले."

बाटली भरलेली होती. झाकण घट्ट लावलेलं.