बेडीच्या भोकांचं टेबल

भुताखेतांवर माझा काडीचाही विश्वास नव्हता. आजही आहे की नाही, सांगता येत नाही...

कॅनडात, हॅलिफॅक्समधला आमचा कॉन्डो छोटा. मला सहावा महिना होता तेव्हा नवरा, निखिल, जुनं डायनिंग टेबल घेऊन आला. एकोणिसाव्या शतकातल्या शिडाच्या जहाजाच्या फळ्यांचं! जहाज इथल्याच किनाऱ्यावर बांधलेलं. इंग्लंडहून कैदी कोंबून ऑस्ट्रेलियाला न्यायचं, मग लाकूड वाहू लागलं, शेवटी इथेच मोडीत निघालं. एका फळीत दोन भोकं होती. "बेडीची कडी इथे ठोकलेली असायची," दुकानदारानं कौतुकानं सांगितलं म्हणे, "कॅन्डल्स लावा, रोमँटिक दिसेल!" शी!

पहिलंच ताट वाढलं आणि वास आला. ओकारी, लघवी, आंबलेला घाम — सगळं एकत्र. मी वॉशरूमकडे पळाले. व्हिनेगरनं टेबल घासलं, ताट घेऊन बेडरूममध्ये बसले, तरी घास उचलला की वास हजर. घास ठेवला की गायब!

"अगं, हार्मोन्स! मला तर नुसता व्हार्निशचा वास येतोय," निखिल म्हणायचा. पण माझं वजन उतरत होतं, बाळ वाढत नव्हतं. डॉक्टरबाई अ‍ॅडमिट करायची भाषा करू लागल्या. टेबल विकायचं ठरलं.

त्याच आठवड्यात नागपूरहून सासरे आले. आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. जेवायला बसल्यावर अण्णांनी सवयीनं ताटाभोवती पाणी फिरवलं आणि उजव्या बाजूला, त्या भोकांशेजारीच, यमाच्या, भुतांच्या नावानं भाताच्या चित्राहुती घातल्या.

वास थांबला. मला चक्क तुपाचा वास आला! मी रडत रडत दोनदा भात घेतला.

"सूनबाई, हळू जेव न," अण्णा घाबरून म्हणाले, "कोणी पळवून नाही राहिलं."

नंतर पुसायला गेले तर टेबलावर एक शीत नव्हतं. अण्णांनी उचललं नव्हतं, निखिलनंही नाही.

लेक आता रांगते, चांगली गुटगुटीत आहे. टेबल विकलं नाही. बायका चित्राहुती घालत नाहीत म्हणे. मी रोज घालते, आणि रोज शितं नाहीशी होतात. घरात मांजर नाही, मुंगी नाही. 

परवा शेजारीण जेवायला आली, मेणबत्त्या घेऊन. "ओह, रिअल शॅकल होल्स! सो कूल!" म्हणत त्यातली एक भोकात बसवू लागली.  मी तिचा हात धरला.

"प्लीज, नॉट देअर," मी म्हणाले. "समवन्स ईटिंग."