चिंचेने उजळलेला देवदूत

साठी उलटली, पण हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही.

ऐंशीच्या दशकात शिकागोजवळ जुन्या इमारतींची डागडुजी करणाऱ्या एका ऑफिसात मी नवा लागलो होतो. माझा व्हिसा त्यांच्याच हातात. पहिलं काम मिळालं ते एका थडग्याचं. त्या भागातली निम्मी चर्च ज्याने शंभर वर्षांपूर्वी बांधली, तो आर्किटेक्ट तिथे पुरलेला. थडगंही चिमुकल्या चर्चसारखंच, टोकदार कमानीचं. ब्राँझच्या दारावर एक देवदूत, हिरवाकाळा पडलेला. साहेबांचा जीव त्या रंगावर. "हा रंग यायला शंभर वर्षं लागलीत," म्हणायचे.

आई तेव्हा माझ्याकडे आली होती. घरात एकटी कंटाळते म्हणून एका शनिवारी मोजमापं घ्यायला जाताना तिला सोबत नेलं. ती दाराकडे बघतच राहिली.

"एवढी देवळं बांधली याने, आणि याच्याच दाराला ही कळा? मुलंबाळं नाहीत का रे याला?"

"असू दे गं. यांना तसंच आवडतं."

तिला काही ते पटलं नसावं.

पुढच्या शनिवारी दसरा तोंडावर आला होता. तिला थडग्यापाशी बसवून मी साहेबांना आणायला दफनभूमीच्या फाटकावर गेलो. परत येतो तर देवदूताचा चेहरा घासलेल्या समईसारखा लखलखत होता. आई पदर खोचून आता पंखाला लागली होती, डेव्हन ॲव्हेन्यूवरच्या देशी दुकानातून आणलेल्या चिंचेने. पायरीवर हिरवं पाणी ओघळत होतं.

साहेबांनी वाकून ते हिरवं पाणी बोटाने टिपून पाहिलं. मग म्हणाले, "या बाई तुझ्याबरोबर आहेत?"

"नो."

शब्द निघाला आणि माझाच मी हबकलो. साहेबांनी तिच्या साडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी पुन्हा म्हणालो, "आय डोन्ट नो हर."

आईला इंग्रजी फारसं येत नव्हतं. तेवढं समजलं. तिने चिंच पिशवीत टाकली, पदर सोडला आणि परक्या बाईसारखी माझ्या गाडीजवळून चालत फाटकाबाहेर गेली. मी थांबवलं नाही. दार किती बिघडलं ते साहेबांबरोबर मोजत राहिलो.

नंतर ती रस्त्यावरच्या बस-स्टॉपवर सापडली. बोटं गारठलेली, हाताला चिंचेचा वास. मला वाटलं, रडेल, बोलेल काहीतरी.

"साहेब गेले का रे?" एवढंच विचारलं. आजूबाजूला बघितलं आणि मागच्या सीटवर बसली, खाली वाकून, बाहेरून दिसू नये अशी.

घर येईपर्यंत मी तिला नीट बस म्हटलं नाही.